दाब वाढवण्याआधी बुडबुडे मोजा

प्रश्न: मी औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे देऊन आणि केंद्रित अल्ट्रासाउंड सोडून रॅटचा रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी वाहिन्यांची भिंत) थोडा वेळ उघडून चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी मेंदूत पोचवायची आहे. ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारं उपकरण) एकाच घटकाचा, ५०० किलोहर्ट्झचा. दाब ०.३ मेगापास्कल, १० मिलिसेकंदांचा स्पंद सेकंदाला एक, एकूण २ मिनिटं. एका शोधनिबंधात बुडबुड्यांचा डोस २० मायक्रोलिटर प्रतिकिलो होता, तोच घेतला. त्यांनी डेफिनिटी नावाचे बुडबुडे वापरले होते, आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचे, सोनोव्ह्यू आहेत. भूल आयसोफ्लुरेन आणि शुद्ध ऑक्सिजनची. ८ रॅटपैकी ५ मध्ये काहीच उघडलं नाही. २ मध्ये एमआरआयवर गॅडोलिनियम (चित्रात उठून दिसणारं द्रव्य) झिरपलेलं दिसलं, पण नंतर इव्हान्स ब्लू हा निळा रंग दिला तर मेंदू निळा झाला नाही. मग व्होल्टेज १.८ पट केलं आणि आठव्या रॅटमध्ये कवटीच्या तळापर्यंत रक्तस्राव झाला. त्याची कॅथेटर अडकत होती म्हणून बुडबुडे दुसऱ्यांदा दिले आणि सलाइन ढकललं, बाकी सगळं तेच. मार्गदर्शक म्हणतात, १ आणि १.८ च्या मधला आकडा शोध. शोधू का?

उत्तर: नका शोधू. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: आठव्या रॅटला बुडबुडे पुन्हा दिले आणि सलाइन ढकललं. म्हणजे त्या प्रयोगात व्होल्टेज आणि बुडबुडे, दोन्ही एकदम बदलले. पहिल्या सातांत सलाइनचा उल्लेख नाही. ते खरोखरच दिलं नसेल, तर त्या सातांपैकी कितींच्या रक्तात बुडबुडे पोचले, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

या तंत्रात अडथळा उघडण्याचं काम बुडबुडे करतात, ध्वनी त्यांना फक्त हलवतो. केशवाहिनीतला बुडबुडा प्रत्येक लहरीबरोबर फुगतो आणि आकसतो, वाहिनीच्या भिंतीला ओढतो-ढकलतो, आणि भिंतीच्या पेशींमधले घट्ट सांधे काही तास सैल पडतात. बुडबुडे नसतील तर तुमच्या ०.३ मेगापास्कलने त्या भिंतीला काहीही होत नाही. पूर्वी नुसत्या तीव्र ध्वनीने अडथळा उघडायचे प्रयत्न झाले, तेव्हा तो उघडायचा पण बरेचदा ऊतीही जखमी व्हायची. २००१ मध्ये हिनिनन, मॅकडॅनल्ड, व्हिकोद्त्सेव्हा आणि योलेश यांनी सशांमध्ये आधी शिरेतून बुडबुडे दिले आणि मग ध्वनी सोडला. त्यामुळे लागणारी शक्ती एकदम खाली आली आणि हे तंत्र वापरण्याजोगं झालं. म्हणून 'उघडत नाही' असं दिसलं की पहिला संशय बुडबुड्यांवर घ्यायचा, दाबावर सगळ्यात शेवटी.

आता तुमचा डोस. २० मायक्रोलिटर प्रतिकिलो हा आकडा डेफिनिटीचा आहे आणि तो सोनोव्ह्यूला लावणं हीच पहिली चूक आहे. हलवून तयार केलेल्या डेफिनिटीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५० मायक्रोलिटर वायू असतो, सोनोव्ह्यूच्या एका मिलिलिटरमध्ये ८. बुडबुड्यांच्या संख्येतही असाच फरक: डेफिनिटीत मिलिलिटरला १२ अब्जांपर्यंत, सोनोव्ह्यूत १० ते ५० कोटी. ३०० ग्रॅमच्या रॅटला तुम्ही ६ मायक्रोलिटर दिलं, म्हणजे वायू जेमतेम ०.०५ मायक्रोलिटर. मूळ प्रयोगात तेवढ्याच रॅटला ०.९ मायक्रोलिटर वायू मिळाला असता. तुमचा डोस जवळजवळ १९ पट कमी होता. दोन वेगळ्या बुडबुड्यांची तुलना द्रावणाच्या आकारमानावर करू नका, वायूच्या आकारमानावर करा. एकाच कंपनीच्या बुडबुड्यावर काम करणाऱ्यांना हा हिशेब कधी लागत नाही, म्हणून निबंधांत तो लिहिलेलाही नसतो.

मूळ डोसशी वायूने बरोबरी करायची तर ३०० ग्रॅमला सुमारे ११० मायक्रोलिटर सोनोव्ह्यू लागेल. मात्र लगेच तेवढं देऊ नका. निम्म्याने, म्हणजे ०.२ मिलिलिटर प्रतिकिलोने सुरुवात करा; तुमच्या रॅटला ६० मायक्रोलिटर. ते सलाइनने ०.३ मिलिलिटरपर्यंत पातळ करा, म्हणजे हाताळता येईल. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर रक्तस्राव न होताही नुकसान होतं. तेवढ्याच दाबाला बुडबुडे खूप दिले तर मेंदूत सूज आणि दाहाची जनुकं जागी झालेली दिसतात, कमी दिले तर नाही. तुमचा अंतिम प्रयोग अँटिबॉडीचा आहे, आणि दाहाने आपोआप गळणारी भिंत तुमच्या निष्कर्षांत भेसळ करेल.

दुसरी चूक कॅथेटरच्या पोकळीत दडली आहे. २४ गेजची कॅथेटर, जोडणी आणि थोडी नळी धरली तर आतच २० ते १०० मायक्रोलिटर द्रव मावतो. तुमचे ६ मायक्रोलिटर बहुधा नळीतच राहिले. ज्या दोन रॅटमध्ये थोडं उघडलं, तिथे त्यातला थोडा भाग पुढे सरकला असावा. आठव्याला मात्र दोन डोस सलाइनच्या धक्क्याने एकदम गेले, तेही वाढवलेल्या व्होल्टेजवर. नळी आधी मोजून घ्या: रिकामी नळी तोला, पाण्याने भरून पुन्हा तोला, जितके मिलिग्रॅम वाढतील तितके मायक्रोलिटर पोकळी. मग प्रत्येक डोसमागे ०.२ मिलिलिटर सलाइन, दर वेळी तेवढंच आणि तेवढ्याच वेगाने.

हाताळणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बुडबुडे मरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. सोनोव्ह्यूच्या कुपीत ५ मिलिलिटर सलाइन घालून २० सेकंद जोरात हलवा. द्रव दुधासारखा एकसारखा पांढरा दिसला पाहिजे. तयार द्रव ६ तास चालतो, पण सिरिंजमध्ये भरण्याआधी दर वेळी कुपी पुन्हा हलवायची. डेफिनिटी मिळालं तर त्याच्या स्वतःच्या यंत्रात ४५ सेकंद हलवावं लागतं, हाताने ते जमत नाही; आणि ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभं राहिलं तर १० सेकंद उलटसुलट करून पुन्हा मिसळावं लागतं. कुपीत हवा टोचून भरू नका. द्रव ओढताना आत निर्वात होऊ नये म्हणून दुसरी सुई श्वासछिद्र म्हणून ठेवा. सिरिंजचा दट्ट्या झटक्याने ओढलात तर दाब एकदम पडतो आणि बुडबुडे फुगून फुटतात. बारीक सुईतून जोरात ढकललं तरी तेच. ओढायला १८ गेज, टोचायला २४ गेजपेक्षा बारीक नको, आणि १० ते १५ सेकंदांत सावकाश द्या.

शिवाय बुडबुडे तरंगतात. ६ मायक्रॉन व्यासाचा बुडबुडा पाण्यात मिनिटाला साधारण १ मिलिमीटर वर चढतो, ३ मायक्रॉनचा त्याच्या चौथाई वेगाने. सिरिंज पंपावर आडवी ठेवून तुम्ही एमआरआय लावेपर्यंत १० मिनिटं गेली, की मोठे बुडबुडे वरच्या भिंतीला आणि खाली जवळजवळ साधं सलाइन. पहिल्या रॅटला एक डोस, तिसऱ्याला भलताच. सिरिंज शेवटच्या क्षणी भरा, देण्याआधी चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा.

भूल बदला. शुद्ध ऑक्सिजन श्वासात असला की रक्तातल्या बुडबुड्यांचं आयुष्य घटतं: रक्तात वायूंचा समतोल बदलतो, आतला जड वायू लवकर बाहेर झिरपतो. आयसोफ्लुरेन वैद्यकीय हवेवर चालवा, ज्यात ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि पंजावर ऑक्सिमीटर लावून लक्ष ठेवा. फक्त एवढ्या बदलाने परिणाम डोळ्यांत भरण्याइतका वाढू शकतो. म्हणून डोस आणि भूल एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दोन्ही बदलांसाठी प्राणी-नीतिसमितीकडे दुरुस्ती आधी पाठवावी लागेल, तो वेळ धरून चला.

आता दाबाकडे येऊ. तुमचा ०.३ मेगापास्कल हा आकडा मोकळ्या पाण्यातला की कवटीपलीकडचा? पत्रात ते नाही, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे न जुळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. रॅटचं वजन वाढतं तशी कवटी जाडावते, आणि २५० ग्रॅमच्या व ४०० ग्रॅमच्या रॅटमध्ये एकाच व्होल्टेजला मेंदूत वेगळा दाब पोचतो. तुमच्याच वजनाच्या रॅटची कवटी हायड्रोफोनसमोर (पाण्यातला दाब मोजणाऱ्या मायक्रोफोनसमोर) धरून किती घट होते ते मोजा. कवटी वाळलेली असेल तर तिच्या छिद्रांत हवा असते आणि घट अवास्तव मोठी दिसते. ती सलाइनमध्ये बुडवून निर्वात भांड्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, मगच मोजा. आणि सगळे प्रयोग एकाच वजनगटात करा, फरक २० ते ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको.

मर्यादा कुठे आहे याचा अंदाज मेकॅनिकल इंडेक्स देतो: मेगापास्कलमधला ऋण दाब भागिले मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचं वर्गमूळ. सशांवर ०.२६ ते २ मेगाहर्ट्झपर्यंत पाहिलं गेलं तेव्हा अडथळा उघडण्याचा उंबरठा ०.४६ च्या जवळ भरला. तुमचा ०.३ मेगापास्कल खरोखर मेंदूत पोचत असेल तर इंडेक्स ०.४२ होतो, म्हणजे उंबरठ्याच्या अगदी पायरीवर. दाब व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढतो, म्हणून १.८ पट व्होल्टेजला तो ०.५४ मेगापास्कल आणि इंडेक्स ०.७६ झाला. शक्ती वर्गाच्या प्रमाणात, सव्वातीन पट. या पट्ट्यात बुडबुडे नुसते डोलत नाहीत, काही कोसळतात. कोसळणारा बुडबुडा वाहिनी फाडतो आणि लाल पेशी बाहेर येतात. म्हणजे तुमच्या मार्गदर्शकांचं एका अर्थी चुकत नाही, मधे एक आकडा आहेच. पण बुडबुड्यांची मात्रा हातात नसताना तो शोधणं म्हणजे दर रॅटला वेगळा उंबरठा शोधणं.

कवटीच्या तळाशी रक्त आलं याचं दुसरंही कारण असू शकतं, आणि ते तुमच्या वारंवारतेत आहे. ५०० किलोहर्ट्झला मेंदूत तरंगलांबी ३ मिलिमीटर असते. अशा ट्रान्सड्यूसरचा केंद्रबिंदू साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि १० ते १५ मिलिमीटर लांब पडतो. रॅटचा मेंदू जेमतेम १० मिलिमीटर उंच. म्हणजे तुमचा 'बिंदू' वरपासून तळाच्या हाडापर्यंत पोचतो आणि तिथून लहर परत फिरते. १० मिलिसेकंदांच्या स्पंदात ध्वनी १५ मीटर धावतो. एवढ्याशा कवटीत तो शेकडो वेळा आपटतो. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून ठरावीक जागी दाब मोजलेल्यापेक्षा बराच वर जातो. हायड्रोफोनच्या टाकीत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे मागे हाड नसतं. माणसांतही याने घात झालेला आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवायला ३०० किलोहर्ट्झचा ध्वनी औषधाच्या जोडीने वापरणारी एक चाचणी मेंदूतल्या रक्तस्रावांमुळे थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. कवटीत परतणाऱ्या लहरींकडे नंतरच्या गणनांनी बोट दाखवलं. आज माणसांत २२० किलोहर्ट्झवर काम होतं ते १,०२४ घटकांच्या अर्धगोलातून. लहरी सगळ्या बाजूंनी येऊन एकाच जागी भेटतात, केंद्र लहान राहतं, आणि कवटीच्या सीटी स्कॅनवरून प्रत्येक घटकाची वेळ दुरुस्त केलेली असते. तुमच्या एका घटकाला यातलं काहीच करता येत नाही, म्हणून त्याला सोपं काम द्यायला हवं.

नवा ट्रान्सड्यूसर घ्यायला सांगत नाही. तुमचाच बहुधा तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे तिप्पट वारंवारतेला, १.५ मेगाहर्ट्झच्या आसपास, चालवता येईल. त्यासाठी जुळणी-परिपथ (वीज ट्रान्सड्यूसरला नीट पोचवणारं सर्किट) वेगळा लागेल आणि हायड्रोफोनने पुन्हा नव्याने मोजणी करावी लागेल. तरंगलांबी १ मिलिमीटर, केंद्र लांबीत ४ ते ५ मिलिमीटर. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागावर धरलंत तर तळ मोकळा राहतो. इंडेक्स ०.४६ साठी कवटीपलीकडे सुमारे ०.५६ मेगापास्कल लागेल. हाडातली घट या वारंवारतेला जास्त असते, तेव्हा कवटीची मोजणीही पुन्हा करा.

हवेबद्दल थोडक्यात. केस कातरून भागत नाही, केस काढायचं मलम दोनेक मिनिटं लावून कातडी पूर्ण गुळगुळीत करा आणि मलम नीट धुवा. केसांत अडकलेली हवा ध्वनी जवळजवळ सगळा परतवते. जेल बाटलीतून थेट पिळू नका. सिरिंजमध्ये भरून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे त्यातली हवा निघून जाईल. ट्रान्सड्यूसर आणि डोकं यांच्यामधल्या शंकूतलं पाणी निर्वात पंपाने हवामुक्त करा किंवा उकळून, काठोकाठ भरलेल्या बंद भांड्यात थंड करा. विरघळलेला ऑक्सिजन मोजा: नळाच्या पाण्यात तो ८ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या घरात असतो, तुम्हाला २ ते ३ च्या खाली हवा.

आता ज्याच्याशिवाय पुढचा एकही रॅट वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं ती गोष्ट: ऐकण्याची सोय. एक छोटा हायड्रोफोन किंवा दुसरा ट्रान्सड्यूसर केंद्राकडे रोखून ठेवा आणि डोक्यातून परत येणारा आवाज नोंदवा. बुडबुडे देण्याआधी त्याच दाबाला १० सेकंद ध्वनी सोडून पायारेषा (तुलनेसाठी मूळ नोंद) घ्या. मग बुडबुडे द्या. पहिल्या १० ते २० सेकंदांत दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे सूर चढले पाहिजेत. चढले नाहीत तर बुडबुडे पोचलेच नाहीत. तिथेच थांबा आणि नळी तपासा, व्होल्टेजच्या बटणाला हात लावू नका. हे सूर थोडेफार हाडातून आणि ऊतीतूनही येतात, म्हणून मूळ वारंवारतेच्या निम्म्यावर आणि दीडपटीवर येणाऱ्या सुरांवर जास्त विश्वास ठेवा. ते बुडबुड्यांचेच असतात. सगळ्या पट्ट्यात खरखर उठली तर बुडबुडे कोसळताहेत, तत्काळ बंद करा. ओ'रायली आणि हिनिनन यांनी २०१२ मध्ये यावरच एक नेमकी रीत बसवली: प्रत्येक स्पंदागणिक दाब थोडा थोडा चढवायचा, दीडपटीसारखे सूर उमटले की तो दाब टिपायचा, आणि उरलेला वेळ त्याच्या निम्म्यावर चालवायचं. यात कवटीची जाडी, डोस, भूल, सगळ्यांचा हिशेब आपोआप होतो, कारण मोजमाप त्याच प्राण्याच्या डोक्यातून येतं. मधला आकडा शोधायचा तो असा.

राहिलं गॅडोलिनियम दिसलं आणि निळा रंग दिसला नाही त्याचं. ती विसंगती नाही. गॅडोलिनियमचा रेणू साधारण १ नॅनोमीटरचा. इव्हान्स ब्लू रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतं आणि ७ नॅनोमीटरच्या गोळ्यासारखं वागतं. भिंत बंद होताना मोठ्या रेणूंचा रस्ता आधी मिटतो: लहान रेणूंना शिरकाव निम्म्यावर यायला ५ ते ६ तास लागतात, अल्ब्युमिनच्या मापाच्या रेणूंना तासाभरात. तुम्ही आधी ध्वनी, मग एमआरआय, मग निळा रंग अशा क्रमाने गेलात. तोवर मोठं दार लागलेलं होतं, आणि मुळात ते किलकिलंच उघडलं होतं. तुमची अँटिबॉडी अल्ब्युमिनहून मोठी, १५० किलोडाल्टन. ती रक्तात दिवसेंदिवस टिकते, म्हणून ध्वनीच्या आधीच द्या, निदान ५ ते १० मिनिटं. ध्वनी सुटेल तेव्हा ती वाहिनीत हजर असली पाहिजे. इव्हान्स ब्लूचंही तसंच: २ टक्क्यांचं, ४ मिलिलिटर प्रतिकिलो, ध्वनीआधी. मात्र निळा रंग आणि चमकरंग एकाच प्राण्यात नको, इव्हान्स ब्लू स्वतः लाल-अवरक्त पट्ट्यात चमकतं आणि तुमच्या अँटिबॉडीची मोजणी बिघडवेल. मेंदू काढण्याआधी हृदयातून सलाइन सोडून रक्त पूर्ण धुवा, नाहीतर वाहिन्यांतच राहिलेली अँटिबॉडी तुम्ही 'आत पोचली' म्हणून मोजाल. दुसऱ्या गोलार्धावर ध्वनी सोडायचा नाही, तो त्याच प्राण्यातला नियंत्रणगट. शिवाय दोन-तीन रॅटना ध्वनी द्या पण बुडबुडे देऊ नका. तिथे काहीही झिरपलं तर मांडणीतच गडबड आहे.

एमआरआयमध्ये टी-१ बरोबर (ज्यात गॅडोलिनियम दिसतं) टी-२-तारांकित चित्रंही (ज्यांत रक्त दिसतं) घ्या, ध्वनीनंतर लगेच आणि २४ तासांनी. टी-२-तारांकितमधले काळे ठिपके म्हणजे रक्त. २४ तासांनी पुन्हा गॅडोलिनियम देऊन भिंत मिटल्याची खात्री करा. एखाद्यात ती अजून गळत असेल तर त्याला 'यशस्वी' गटात घालू नका, ती इजा आहे.

आठव्या रॅटचा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये असेल तर टाकून देऊ नका. ध्वनी ज्या रेषेत गेला त्या रेषेला समांतर उभे काप घ्या आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या ऊती रंगवायच्या नेहमीच्या रंगांनी रंगवा. लाल पेशींचे पुंजके एकाखाली एक, सुमारे दीड मिलिमीटरच्या अंतराने दिसले तर ते परतलेल्या लहरींचे ठसे आहेत, कारण तुमच्या वारंवारतेला अर्धी तरंगलांबी तेवढीच भरते, मग १.५ मेगाहर्ट्झला जाणं टाळता येणार नाही. पुंजके असे ओळीने नसतील आणि केंद्राच्या भागात एकच सलग डाग असेल, तर दोष दाबाचा आणि दोन डोसांचा. तसं असेल तर ५०० किलोहर्ट्झवरच, मोजलेल्या डोसने आणि मूळ व्होल्टेजवर, पुढचा रॅट घ्या.